शकीलभाईंचं कच्चं काम

शकीलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात माझ्या दुकानात पत्रा कापत होतो. अंबडहून त्यांच्या पुतण्याचा फोन होता. "मिलिंदकाका, चाचा गेले. फजरच्या नमाजाच्या टायमाला उठवायला गेल्तो तर..." कात्री पत्र्यात तशीच अडकवून मी स्टँडवर गेलो, अंबडच्या एसटीत खिडकीशी बसलो आणि सवयीनं मोबाइल उघडला. आमच्या जिल्ह्यातल्या एसी-कूलरवाल्यांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर जुने कॉम्प्रेसर विकणं आणि सकाळचे सुविचार, एवढंच चालतं. त्या दिवशी जोडलेले हात, फुलं, मेणबत्त्या... आणि मधेच एकानं लिहिलं होतं, 'माणूस लाखात एक. वाटूरचं काम तेवढं कच्चं राहिलं, नाहीतर जिल्ह्यात नाव राहिलं असतं.' त्याखाली चौघांनी अंगठे दिले होते. माणसाला अजून मातीसुद्धा मिळाली नव्हती आणि यांनी शेरा मारून ठेवला. मी उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. अंबड येईपर्यंत माझं तेच चालू होतं. ते उत्तर आज इथे लिहितो आहे. त्या ग्रुपवर मावणारं ते नव्हतं आणि ग्रुपवर कुणी दोन ओळींच्या पुढे वाचतही नाही.

आमच्या धंद्यात 'कच्चं काम' ही शिवी आहे. मोठ्या एसीची हवा खोलीपर्यंत नेणारा पत्र्याचा बंद बोगदा असतो, त्याला आम्ही डक्ट म्हणतो. हा डक्ट तुकड्यातुकड्यांनी जोडतात आणि प्रत्येक जोड म्हणजे हवेला पळून जायची संधी. जोड गळायला लागला की यंत्र कितीही मोठं असो, शेवटच्या खोलीत माणूस घामानं निथळतो. मी पत्रा कापायचो, वाकवायचो. शकीलभाई जोड बांधायचे. राखाडी लेप बोटानं भरायचा, त्यावर जाळीची पट्टी, वरून परत लेप. बाकीचे लोक पुठ्ठ्याचे खोके बंद करायची खाकी चिकटपट्टी गुंडाळून मोकळे होतात. ती पट्टी आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात वाळक्या सालीसारखी सुटून लोंबायला लागते. अशी लोंबणारी पट्टी दिसली की शकीलभाई मालकासमोरच ती ओढून काढायचे आणि विचारायचे, "हे कोण्या शहाण्यानं केलं? त्याला बोलवा, त्याच्या हातावर हीच पट्टी बांधतो." तो शहाणा कधीकधी मालकाचा मेहुणा निघायचा. मग ते काम आमच्या हातून जायचं.

विनय हा गुण त्यांच्यात औषधालाही नव्हता. डक्टखाली रांगायला जातानासुद्धा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि बाहेर आल्यावर शर्टावरचा एकुलता डाग सगळ्यांना दाखवत फिरायचे. "बघा, तुमच्या ऑफिसात किती घाण हाय." गळती शोधायची त्यांची रीतही अशीच गाजावाजाची. हवा ओढणाऱ्या तोंडाशी निखाऱ्यावर लोबान टाकायचा, यंत्र चालू करायचं आणि धूर कुठून कुठून निघतो ते बघत फिरायचं. एका बियाण्याच्या गोदामाच्या ऑफिसात सगळी माणसं बाहेर धावली होती आणि दिवसभर तिथल्या फायलींना दर्ग्याचा वास येत होता. मॅनेजर चिडून म्हणाला, "एसी दुरुस्त करताय का भूत उतरवताय?" शकीलभाई शांतपणे म्हणाले, "दोन्ही एकच हाय साहेब. जिथून दिसत न्हाई तिथून बाहेर काढायचं."

त्यांना खरा राग होता तो 'गॅस' या शब्दाचा. खोली गार होत नाही म्हटलं की आपल्याकडे लहानथोर सगळ्यांच्या तोंडून एकच निघतं, गॅस संपला असेल, भरून घ्या. फिल्टरवर बोटभर धूळ असते, डक्ट मधेच चेपलेला असतो, जोड सुटून अर्धी हवा माळ्यावर जात असते आणि लोक गॅस भरतात. "गॅस काय उदबत्ती हाय का रोज संपायला?" ते ओरडायचे. "मोटार चांगली, पाणी चांगलं, पाइप मधे फुटला, आन् हे म्हणतेत विहीर खोदा!" गिऱ्हाईक हसायचं आणि दुसऱ्याला बोलावून गॅस भरून घ्यायचं.

वाटूरचं काम आलं ते रस्त्यामुळे. वाटूरजवळ रस्ता रुंद करणाऱ्या एका कंपनीनं माळावर तळ टाकला होता. इंजिनियर आणि साहेब लोकांसाठी चाकांवर ओढून आणलेली तयार घरं होती, लांबच लांब, कुठल्यातरी जुन्या प्रकल्पावर वापरून झालेली. गावातले लोक त्यांना 'डबे' म्हणायचे. प्रत्येक डबा सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला, जमिनीपासून बऱ्यापैकी उंच. एसीचं यंत्र बाहेर एका टोकाला आणि डक्ट फरशीच्या पोटाखालून गेलेला. हवा यायची ती पायाशी असलेल्या जाळ्यांमधून. यायला पाहिजे होती, असं म्हणायचं. पहिल्या खोलीत पांघरूण लागायचं आणि शेवटच्या खोलीत माणूस उघडा बसायचा. गॅस अर्थातच भरून झाला होता, एकदा नव्हे, दोनदा. शिवाय कुणीतरी डोकं चालवून रिकाम्या खोल्यांच्या जाळ्यांवर पुठ्ठे ठेवले होते, म्हणजे त्यांची हवा दुसरीकडे जाईल. हवा कुठली दुसरीकडे जातेय? दाब वाढून खालचे जुने जोड आणखी उसवले.

आम्ही पहिल्यांदा गेलो ती मे महिन्यातली दुपार होती. शकीलभाईंनी लोबान बाहेर काढलाच नाही. सगळ्यात मोठा डबा मेसचा होता, दोन डबे शेजारी लावून केलेला. एकाची हवा दुसऱ्यात न्यायला खालून एक जाडजूड पाइप टाकला होता, तो निखळून जमिनीवर आडवा झालेला. त्याच्याभोवती तळावरची सगळी कुत्री अंगाचं मुटकुळं करून झोपली होती. "घे," शकीलभाई मला म्हणाले, "कुत्र्यांनी गळती दाखवली. फुकटात." मग ते वाकून डब्याखाली गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. म्हणून मी वाकून पाहिलं. कुत्र्यांच्या पलीकडे माणसं होती. डांबरावर काम करणारी टोळी होती, काही परप्रांतातले पुरुष, काही आपल्याच परतूर तालुक्यातल्या बाया. ओळीनं आडवे झाले होते. पायांवर डांबराचे काळे शिंतोडे, डोक्याखाली चपला. निखळलेल्या पाइपातून जी गार हवा जमिनीवर सांडत होती, तिच्यात ते झोपले होते. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांना दुपारी लाइट नव्हती. जनरेटरवर लोड येतो म्हणून ती बंद ठेवायचे. मे महिन्यात वाटूरच्या माळावर बंद पत्र्याच्या खोलीत काय होतं, ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी अशा खोलीत दुपार काढली आहे त्यांना माहीत आहे.

पाणी वाहणारी कांताबाई म्हणून एक पोक्त बाई होती. ती उठून बसली, पदर सावरला आणि शकीलभाईंच्या हातातला लेपाचा डबा बघून म्हणाली, "भाऊ, हे बुजवून राह्यले का तुम्ही?"

"व्हय. त्याच्यासाठीच बोलावलंय."

"बुजवा मंग," ती म्हणाली. "आमची दुपारच बुजवून टाका." बोलण्यात राग नव्हता. तक्रारही नव्हती. ती परत आडवी झाली, तोंडावर पदर ओढून.

आयुष्यभर कुणाला उत्तर बाकी न ठेवणारा हा माणूस त्या वेळी लेपाचा डबा तिथेच ठेवून बाहेर आला. मग थेट तळाच्या मॅनेजरकडे गेला. मी सोबत होतो. मजुरांच्या खोल्यांना दुपारी लाइट द्या, नाहीतर एक साधा कूलर बसवू द्या, मी पत्र्याचा बनवून देतो, असं शकीलभाई म्हणाले. मॅनेजरनं ऐकून घेतलं. माणूस उद्धट नव्हता. "ते लेबर कॉन्ट्रॅक्टरकडं येतं," तो म्हणाला. लेबर कॉन्ट्रॅक्टर गाडीला टेकून उभा होता, तो म्हणाला, "लाइट कंपनीकडं येती." दोघंही खरं बोलत होते. आपल्याकडे दोन खऱ्यांच्या मधे माणूस आरामात मरू शकतो.

पुढचे काही दिवस शकीलभाईंनी असं काम केलं की तसं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. एकेक डबा घेतला, चेपलेले पाइप बदलले, जाळ्यांवरचे पुठ्ठे भिरकावून दिले, प्रत्येक जोड लेपानं भरला. शेवटच्या खोल्यांतले साहेब लोक रात्री पांघरूण मागायला लागले. मजूर मग एकेका डब्याखालून उठत उठत मेसच्या डब्याखाली गोळा झाले. मेसचा पाइप शकीलभाईंनी सगळ्यात शेवटी घेतला. नवा पाइप वर उचलून पट्ट्यांनी बांधला, दोन्ही बाजूंचे जोड पक्के केले आणि मला म्हणाले, "मिलिंद, खालच्या अंगाला एक गोल काप. वीतभर."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"बघतो काय? काप. आन् कडा मोडून दे बराबर. कोणाच्या डोक्याला लागायला नको."

मी कापलं. कडा आत वळवून, ठोकून, गुळगुळीत करून दिली. मेसच्या जेवणाऱ्यांना कमी पडणार नाही आणि खाली झोपणाऱ्यांना पुरेल एवढंच ते तोंड होतं. माप त्यांनीच ठरवलं होतं आणि ठरवायला त्यांना दोन वेळा आत-बाहेर करावं लागलं होतं. त्या दुपारी कांताबाई आली, पाइपाच्या त्या तोंडाखाली हात धरून बघितला. नेहमीच्या जागेवर जाऊन आडवी झाली.

उन्हाळ्याचे जेमतेम काही आठवडे ते चाललं. मग मोठ्या ऑफिसातून एक इंजिनियर काम तपासायला आला. हुशार माणूस, हे मला मान्य केलं पाहिजे. प्रत्येक जाळीसमोर छोटा पंखा असलेलं यंत्र धरून हवा मोजली. मेसमध्ये आकडा थोडा कमी आला म्हणून पँटचा विचार न करता स्वतः डब्याखाली गेला. तिथे त्याला ते तोंड दिसलं, आणि त्याच्याखाली झोपलेली माणसंही दिसली. आम्हाला बोलावलं. मॅनेजर, लेबर कॉन्ट्रॅक्टर सगळे उभे. इंजिनियरनं आवाज न चढवता विचारलं, "हे यांनी कापलंय का?" आणि मजुरांकडे बोट केलं. कॉन्ट्रॅक्टर लगेच म्हणाला, "यांनीच कापलं असणार साहेब. आजच काढून टाकतो सगळ्यांना." बाया उठून उभ्या राहिल्या होत्या. कांताबाई कुणाकडेच बघत नव्हती.

मी तोंड उघडलं, तोच शकीलभाईंनी माझं मनगट असं दाबलं की दोन दिवस दुखत होतं. "न्हाई साहेब," ते म्हणाले. "तपासणीसाठी भोक ठेवल्तं. झाकण बसवायचं राहून गेलं. मला दिसलं न्हाई... काम कच्चं राह्यलं माझं."

मी आयुष्यात त्यांच्या तोंडून तो शब्द दुसऱ्यांसाठी हजार वेळा ऐकला होता. स्वतःसाठी तेवढाच एकदा. मॅनेजरनं मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो फिरत फिरत आमच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं, 'जालन्याच्या उस्तादांचं काम बघा.' किती हसले लोक! ज्यांच्या चिकटपट्ट्या त्यांनी चारचौघांत ओढून काढल्या होत्या त्या सगळ्यांनी त्या रात्री दिवाळी केली. मी तो फोटो अजून जपून ठेवला आहे. त्यात त्या तोंडाची वळवलेली कडा स्वच्छ दिसते. पत्र्याचं काम करणारे एवढे लोक त्या ग्रुपवर, एकालाही प्रश्न पडला नाही की झाकण बसायचं तर कडा आत कशाला वळवेल कुणी? अशा कडेवर झाकण बसतच नाही. माणसाचं डोकं लागू नये म्हणूनच अशी कडा करतात. पण फोटो बघायला वेळ कुणाला होता, सगळे हसायला आले होते.

वाचणाऱ्यांना वाटेल, निदान त्या माणसांचं तरी भलं झालं. तसं काही झालं नाही. इंजिनियरनं ते तोंड बंद करून घेतलं, मॅनेजरनं सगळ्या डब्यांना खालून चहूबाजूंनी पत्रा ठोकून घेतला. कुत्री आणि माणसं दोन्ही बाहेर. टोळी आपली दुपारी टिप्परच्या सावलीत बसायला लागली. पावसाच्या आधीच कांताबाई एका दुपारी चक्कर येऊन पडली आणि तिला घरी पाठवून दिलं, असं एका टिप्परवाल्यानं मला सांगितलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. मी ते शकीलभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लाइट दिली का मंग खोल्याइला?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला.

त्यानंतर जालन्यात डक्टचं काम त्यांना कुणी दिलं नाही. कारखान्यांच्या ऑफिसांत, दवाखान्यांत, जिथे जातील तिथे ते फोटोचं प्रकरण आधी पोचलेलं असायचं. ते अंबडला घरी राहायला लागले आणि कोर्टाजवळच्या वकिलांचे, दुकानदारांचे छोटे एसी बघायला लागले. म्हणजे काय करायला लागले? गॅस भरायला लागले. लोक म्हणायचे गॅस भरा, हे भरायचे. एकदा मी भेटायला गेलो तर एका वकिलाच्या ऑफिसात स्टुलावर उभे राहून गॅसची नळी जोडत होते. मी फिल्टरकडे बघितलं, धुळीनं गच्च. त्यांनीही बघितलं. "साहेबाला गॅसच पाहिजे," ते म्हणाले. गॅस भरून झाल्यावर फिल्टर काढून नळाखाली धुतला आणि परत लावला, वकिलाला न सांगता. माझ्याशी नजर मिळवली नाही.

मी त्यांना कितीदा म्हणालो, आता सांगू या. रस्ता झाला, तळ उठला, डबे कुठल्या कुठे ओढून नेले, टोळी पांगली, आता कुणाच्या पोटावर पाय येणार आहे? ते म्हणायचे, "सांगून काय करू? म्हणतील म्हातारा बहाणे करून राह्यला. राहू दे, तुला म्हाईत हाय ना? बस झालं." मला त्यांचा याच गोष्टीचा राग येतो. अजून येतो. एवढा घमेंडी माणूस, शर्टावरच्या डागाचाही तमाशा करणारा, आणि जी एक गोष्ट छाती ठोकून सांगावी अशी होती तीच गिळून बसला. मोठेपणा म्हणून लोक याचं कौतुक करतील. करू देत. मला मात्र तो माझ्या मित्राचा झालेला खून वाटतो, आणि त्यात त्याचा स्वतःचाही हात होता.

ते गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी, चाळिसाव्याच्या जेवणाला मी अंबडला गेलो. पाहुणे जेवून पांगल्यावर शकीलभाईंच्या बायकोनं, नसीमभाभींनी, मला आतल्या खोलीत बसवलं. खाटेशेजारच्या कोनाड्यात डोळ्यात टाकायच्या औषधाची एक छोटी बाटली होती. माझी नजर तिकडे गेलेली बघून भाभी म्हणाल्या, "रोज टाकायची मी. वाटूरचं ते झालं ना, त्याच्यानंतर. मी विचारलं, तुमच्या हातून असं कसं झालं हो? तर म्हणले, दिसलं न्हाई. मंग मी जालन्याला डॉक्टरकडं घेऊन गेल्ती. डॉक्टर म्हणला, तसं काही न्हाई, थोडे कोरडे झालेत, हे थेंब टाका. तेव्हापासून एक दिवस चुकवला न्हाई मी. लोकाइला पण सांगून ठेवल्तं, यांची नजर गेली, यांना उंचावरचं काम देऊ नका म्हणून."

म्हणजे घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. कुत्री, कांताबाई, वीतभर तोंड, वळवलेली कडा, मनगट. मोबाइलमधला फोटो दाखवला, मोठा करून. भाभींनी तो बराच वेळ हातात धरला.

"म्हंजे डोळे चांगले होते?"

"चांगले होते भाभी. अगदी शेवटपर्यंत."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी सगळ्या गावाला सांगत फिरले, माझा माणूस आंधळा झाला म्हणून. आन् हे ऐकून घेत बसले? घरात तरी खरं बोलावं माणसानं..." त्यांनी बाटली उचलली. मला वाटलं, आता भिरकावतील. पण तशीच मुठीत धरून बसल्या.

"रोज जेवण झालं की खाटेवर येऊन बसायचे," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "मी थेंब टाकायची. झोंबायचं त्यांना लई. मंग मी फुंकर मारायची, ह्या डोळ्यावर, त्या डोळ्यावर... चांगल्या डोळ्यात औषध घालून घेतलं रोज, एवढे दिवस." त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. "औषध संपलं की आधी स्वतःच आठवण करायचे, नवी बाटली आणायची हाय म्हणून. मी म्हणायची, बघा, आता कसे सुधरले."

त्यांनी टोपण घट्ट फिरवलं आणि बाटली परत कोनाड्यात ठेवली.